टाईलवरची दोन मिनिटं

३ जून

वन्सं,

सुरुवातीला नमस्कार लिहायची पद्धत आहे, तो लिहिला असं समजा.

अकरा वर्षांनी मी तुम्हाला पत्र लिहितेय. फोन का नाही केला, असं तुम्ही विचारणारच. तुमचा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं आणि कामाचं बोलायचं राहून जातं, म्हणून. शिवाय कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही.

काम असं आहे. ठकीला दिवस गेलेत. दोन महिने होत आले. आनंद झाला असेल तर आवरा, कारण तिला ते मूल नको आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि मूल होऊ द्यायचं नाही हे तिनं जावयाला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय. तो भला माणूस, त्यानं ऐकलं. आता चुकून राहिलंय तर हिनं येत्या बावीस तारखेची वेळ घेऊन ठेवलीय, पाडून टाकायला. समजवायला गेले तर मला म्हणते, "आई, आपल्या रक्तात खोट आहे. एक गेलं ते पुरे नाही का झालं?"

ही 'रक्तात खोट' कुठून आली ते तुम्हाला सांगायला नको. ठकीचा भाऊ दोन दिवसांचा होऊन गेला त्याला आता तीस वर्षं झाली. तो गेल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "वहिनी, तुझ्या रक्तातच काहीतरी आहे." मी त्या वेळी भांडी पुसत होते. तुमच्या मागे सासूबाई होत्या. त्यांनी तुमचं वाक्य उचललं, त्याची 'खोट' केली आणि मरेपर्यंत मला ऐकवली. मीही मूर्ख, दर भांडणात तेच उगाळत बसले. ठकी ते ऐकतच मोठी झाली.

डॉक्टरबाई म्हणतात, ठकीत काही दोष दिसत नाही. पण तिचा भाऊ कशानं गेला ते कळलं तर त्या खात्रीनं सांगू शकतील. जुने कागद आणा म्हणाल्या. ते प्रसूतिगृह कधीच बंद पडलं. तिथल्या रक्ततपासणीच्या खोलीत तुम्ही नोकरीला होतात आणि बंद होताना कपाटभर वह्या घरी घेऊन गेलात, हे मला तुमच्या भावानं सांगितलंय. त्यात माझ्या बाळाचं जे काही असेल ते पाठवून द्या. तुमचं दुसरं काही मला नको.

तुमचे बंधू बरे आहेत. पेपर तोंडासमोर धरून बसलेत. हे पत्र टाकायला तेच जातील.

तुमची भावजय

९ जून

वहिनी,

पत्र पोचलं. अकरा वर्षं मोजलीस, पण ती कशी सुरू झाली ते लिहायचं सोयीस्करपणे विसरलीस. आई गेली त्या आठवड्यात "आता या घरात तुमचं कुणी राहिलं नाही" असं तूच मला म्हणालीस. माझा सख्खा भाऊ शेजारच्या खुर्चीत बसला होता. तेव्हाही पेपरच वाचत होता.

वह्या होत्या. चार वर्षांपूर्वी वरच्या मजल्याचा नळ फुटून कपाटात पाणी शिरलं, सगळ्याचा लगदा झाला. टाकून दिल्या. तेव्हा कागद विसर.

ठकीला मात्र एवढं सांग की खोट-बीट काही नसतं. शिकलेल्या मुलीनं असं बोलू नये. पण घरात जे कानावर पडतं तेच तोंडात येतं, तिला काय बोल लावायचा.

तुला समजेल असं लिहिते. शरीराला रोगापासून राखायचं म्हणजे मुळात एकच काम असतं, आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखायचं. प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फिरत असतात आणि भेटेल त्याच्या खुणा चाचपून बघतात. ओळखीची खूण असली तर पुढे जातात. नसली तर पहिल्यांदा नुसत्या खात सुटणाऱ्या पेशी धावून येतात. त्यांना परक्याचं नाव-गाव ठाऊक नसतं, समोर दिसलं की गिळायचं. ताप येतो, सूज येते, ती या धुमश्चक्रीची. तेवढ्यात दुसऱ्या पेशी त्या परक्याची खूण नीट बघून घेतात आणि नेमकी त्याच खुणेवर बसतील अशी हत्यारं बनवतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात, आम्ही लॅबवाले अँटीबॉडी म्हणतो. पहिल्या वेळी ती बनवायला दिवसच्या दिवस जातात. रोग हटला की हत्यारं कमी होतात, पण ती कशी बनवायची हे ध्यानात ठेवणाऱ्या काही पेशी मागे राहतात. त्या वर्षानुवर्षं राहतात. तोच परका पुन्हा आला तर मग त्याला उभं राहायलाही वेळ मिळत नाही. लस टोचतात ती याचसाठी, रोग न होऊ देता ओळख करून द्यायची. थोडक्यात, शरीर दात धरून बसतं. तुझ्या घरी राहून मला हे शिकायला सोपं गेलं.

ठकीचा रक्तगट पॉझिटिव्ह आहे, ती जन्मली तेव्हा मीच बघितलाय. तिला आणि तिच्या बाळाला काही धोका नाही. बावीस तारखेची वेळ रद्द करायला सांग.

तुझी नणंद

१३ जून

वन्सं,

मागितले कागद आणि आलं व्याख्यान. निवृत्त झालात तरी शिकवायची खोड गेली नाही. तरी तीनदा वाचलं. समजलंही. अगदीच अडाणी नाही मी.

समजलं म्हणूनच विचारते. कागदांचा लगदा झाला म्हणता, आणि ठकीला धोका नाही असंही छातीठोक सांगता. माझा मुलगा कशानं गेला ते तुम्हाला माहीत नसेल, तर धोका नाही हे कशावरून? आणि माहीत असेल, तर तीस वर्षं मिठाची गुळणी धरून का बसलात? आणि मी रक्तगटाचं नावही काढलं नव्हतं, तो मध्येच कुठून आला? चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे कपडे शिवतेय. शिवण कुठे उसवलीय ते मला अंगावरच्या कपड्यातही दिसतं.

तुमचं पत्र ठकीला वाचून दाखवलं. वाटलं, वैर असलं तरी बाई या कामातली आहे, तिचा शब्द मुलगी मानेल. झालं भलतंच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्याला ठाऊक आहे काहीतरी. सांगत नाही, म्हणजे ते वाईटच असणार." कालपर्यंत निदान रडायची तरी, आता रडतही नाही. बावीसला सुट्टी टाकून मोकळी झाली. तुमच्या मदतीबद्दल काय बोलावं!

डॉक्टरबाईंनी माझंही रक्त तपासून आणायला सांगितलंय. मी म्हटलं उगाच सुई कशाला टोचून घ्या, माझं कार्ड आहे की. ठकीच्या वेळी तुम्ही केलेलं, मशीनच्या खणात आहे अजून. पॉझिटिव्ह, आणि खाली तुमची सही. बुधवारी तेच नेऊन दाखवते. तुमचं अक्षर सुरेख आहे, एवढं मात्र मी तुमच्या तोंडावरही म्हणेन.

तुमची भावजय

१६ जून, कुरियरनं

वहिनी,

कार्ड दाखवू नकोस.

रक्तपेढीत जा आणि नव्यानं तपासून घे. गट आणि अँटीबॉडी, दोन्ही तपासा असं स्पष्ट सांग, कागदावर लिहून ने. उद्याच जा. कारण आत्ता विचारू नकोस. निकाल हातात आला की विचारशीलच.

नणंद

१९ जून, कुरियरनं

वन्सं,

तुमची चिठ्ठी आली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, या वयात हिला मला आणखी कुठला रोग चिकटवायचाय. गेले ते तुम्हाला खोटं पाडायलाच. कार्डही मुद्दाम पर्समध्ये टाकलं.

रक्तपेढीत एक बारीकशी मुलगी होती. तिनं रक्त घेतलं, मी भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळानं येऊन म्हणाली, "आजी, तुम्ही निगेटिव्ह आहात." मी म्हटलं, शक्य नाही. कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते पुढून बघितलं, उलटून मागून बघितलं आणि आत निघून गेली. पुन्हा तपासलं असणार. मग तिच्या वरच्या बाई आल्या, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. दवाखान्यातली माणसं उगाच खुर्ची ओढून बसत नाहीत.

त्या म्हणाल्या, "अँटीबॉडी आहेत, अजूनही भरपूर आहेत. पहिल्या बाळंतपणानंतर तुम्हाला इंजेक्शन दिलं नव्हतं?"

मी विचारलं, "कुठलं इंजेक्शन?"

ती बारीक मुलगी माझ्या चपलांकडे बघायला लागली. मग बाईंनी विचारलं, "दुसरं बाळ?" मी दोन बोटं दाखवली. दोन दिवस. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, हे कार्ड कुणी लिहिलं.

मी सांगितलं, माझ्या नणंदेनं.

बाकीचं त्या म्हणाल्या की तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी डॉक्टरांना विचारणार नाही. तुम्हाला विचारते, आणि एकच विचारते. तुम्हाला कधी कळलं?

ठकीला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगू काय? तेरवा बावीस.

(सही नाही)

२० जून, कुरियरनं

वहिनी,

बाळ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

याची एक प्रत ठकीच्या पत्त्यावर वेगळी पाठवली आहे. दोन्ही उद्या पोचतील. तुझ्या आधी तिनं वाचलं तर वाचू दे.

ठकीच्या वेळी तुला सातवा महिना होता. सुईच्या भीतीनं तू लॅबमध्ये यायला तयार नव्हतीस, म्हणून मी पांढरी टाईल आणि औषधाच्या बाटल्या घरी आणल्या. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं, मला कौतुकही होतं. जेवणाच्या टेबलावर बसून तुझं बोट टोचलं. रक्ताचे थेंब टाईलवर घेतले, त्यात औषध घातलं, काडीनं ढवळलं. डी नावाची एक खूण असते. ती लाल पेशींवर असली तर थेंब रवाळ होतो, गुठळ्या दिसतात, त्याला पॉझिटिव्ह म्हणायचं. नसली तर थेंब गुळगुळीतच राहतो, तो निगेटिव्ह. हे दोन मिनिटांत बघायचं असतं. त्यापेक्षा जास्त वेळ ठेवलं तर कडा वाळायला लागतात, आणि वाळणारा थेंबही रवाळ दिसतो. ही गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात.

थेंब ढवळून मी वर बघितलं तर गॅलरीत दोरीवर माझा कोट वाळत होता. गुलाबी. नोकरीचा पांढरा कोट, तू धुवायला घेतलेल्या कपड्यांत कसलं तरी तांबडं कापड गेलं होतं आणि तो लग्नाच्या मांडवासारखा गुलाबी होऊन आला होता. मी टाईल तिथेच टाकून उठले. भांडण तुला आठवत असेल. मी तुला गावंढळ म्हणाले, तू मला म्हणालीस की कोट घातल्यानं कुणी डॉक्टर होत नाही. आई मध्ये पडेपर्यंत आपण थांबलो नाही. तुझ्या हातून चुकून गेलं असेल ते कापड. मीच आकांत केला.

परत येऊन टेबलाशी बसले तेव्हा किती वेळ गेला होता ते मला सांगता येणार नाही. थेंब रवाळ दिसला. खरं तर फेकून देऊन पुन्हा करायला हवं होतं. पण त्यासाठी तुला हाक मारून पुन्हा बोट मागावं लागलं असतं, आणि मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. मी पॉझिटिव्ह लिहिलं. प्रसूतिगृहात माझ्या कार्डावरून त्यांनी केसपेपरवर उतरवून घेतलं. लॅबवालीच्या घरातलं माणूस, पुन्हा कोण तपासणार.

पुढचं असं झालं. तू निगेटिव्ह. ठकीनं बापाची खूण घेतली, ती पॉझिटिव्ह. बाळंतपणाच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तुझ्या शरीराला ती खूण परकी. निगेटिव्ह बाईला तीन दिवसांत एक इंजेक्शन देतात, त्यातली तयार हत्यारं त्या पेशी शरीराच्या नजरेत भरायच्या आत संपवून टाकतात. शरीर काही शिकत नाही. तुला ते दिलं नाही, कारण कार्डावर पॉझिटिव्ह होतं. तुझं शरीर शिकलं. ठकी तोवर बाहेर आलेली होती, ती वाचली. तीन वर्षांनी तो आला, त्याच्या अंगावरही तीच खूण. नाळेतून तुझी हत्यारं त्याच्यापर्यंत पोचली आणि त्याच्या लाल पेशी फोडत राहिली. तो इतका पिवळा का होता, हे तू मला तेव्हा विचारलं होतंस. मी म्हणाले होते, कावीळ.

तुझ्या शरीरानं काही चूक केली नाही. परकं आलं की हाकलायचं एवढंच त्याला ठाऊक होतं. हे आपलं बाळ आहे, असं त्याला कोण सांगणार होतं?

बाळ गेल्यावर मी लॅबच्या फ्रिजमधली तुझ्या रक्ताची नळी काढली आणि तपासली. तीनदा. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात मी सांगायलाच आले होते. तू लिहिलेलं वाक्य माझंच आहे. "वहिनी, तुझ्या रक्तातच काहीतरी आहे." त्याच्या पुढचं वाक्य होतं, "आणि ते माझ्याकडून चुकलं." तेवढ्यात मागे आई येऊन उभी राहिली. ती 'खोट' म्हणाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला तीस वर्षं लागली. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, वहिनी.

खोट तुझ्या रक्तात नव्हती. खोटं कार्डावर होतं.

वह्या भिजल्या नाहीत. ते पान फाडून सोबत जोडलंय, डॉक्टरबाईंना दाखव. ठकीच्या स्वतःच्या रक्तात ती खूण आहे, त्यामुळे तिचं शरीर त्या खुणेला कधीच परकं समजणार नाही. ते भांडण तुझ्या रक्ताचं आणि त्याचं होतं, ठकीकडे त्यातलं काही आलेलं नाही. तिला बावीसला जाऊ देऊ नकोस.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुझी नणंद

२६ जून

आत्या,

मी गेले नाही. बावीसला सकाळी आवरून दारात बसले होते, तुझं पत्र मांडीवर होतं. आदल्या दिवसापासून किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. मग तिथे जायच्याऐवजी ते पान घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मला टेबलावर झोपवलं आणि त्या यंत्रातून ठोके ऐकवले. तू लिहिलंस ते खरं आहे म्हणाल्या.

हे मी तुझे आभार मानायला लिहीत नाहीये. तुझ्या दोन मिनिटांत आमची नऊ वर्षं गेली. दुसऱ्यांची मुलं कडेवर घ्यायची वेळ आली की मी मला काम आहे म्हणून आत जायचे. माझा नवरा तेव्हा काय करत असायचा ते मी कधी वळून बघितलं नाही. हे तुला कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

आई पाच दिवस मशीनवर बसून आहे, लोकांचे कपडे मुदतीच्या आधी तयार होतायत. बाबांनी पेपर खाली ठेवलाय. तो वर कसा उचलायचा ते आता त्यांना कळत नाहीये.

इकडे येऊ नकोस.

ठकी

२ फेब्रुवारी

तू,

बरोबर वाचलंस. पस्तीस वर्षं वन्सं म्हटलं, तुम्ही म्हटलं. त्यात मान किती होता आणि सवय किती, ते जाऊ दे. यापुढे जे काही भांडायचं ते तू म्हणून भांडणार आहे.

जुलैपासून तुझी चार पत्रं आली. चारही न फोडता मशीनच्या खणात पडली आहेत, तुझ्या त्या कार्डाशेजारी.

ठकीला मुलगी झाली. तीन आठवड्यांची होईल. रंगानं चांगली लालबुंद आहे आणि रडते ती सगळ्या मजल्याला ऐकू जातं. तुझा भाऊ तिला मांडीवर घेऊन बसतो. हात अडकल्यामुळे पेपर वाचता येत नाही.

आता जे सांगते ते तुला तुझ्या कामातलं म्हणून सांगते. त्या रक्तपेढीतल्या खुर्चीवाल्या बाईंनी मला ऑगस्टमध्ये बोलावून घेतलं. म्हणाल्या, निगेटिव्ह बायकांना देतात ते इंजेक्शन कशापासून बनतं माहीत आहे का? तुमच्यासारख्या बायकांच्या रक्तापासून, ज्यांचं शरीर एकदा शिकून बसलंय अशा. मला वाटलं थट्टा करतायत. तुला ठाऊक असणार हे. ठाऊक असून लिहिलं नाहीस, की न फोडलेल्या पाकिटांत आहे?

तर मी जाते. सगळ्या तपासण्या झाल्या, वयात बसते, महिन्यातून दोनदा जाते. एका हातातून रक्त घेतात, यंत्रात फिरवतात, लाल भाग परत देतात आणि पिवळसर पाणी ठेवून घेतात. सुईला घाबरणारी मी! पाऊण तास पडून राहावं लागतं. तेवढा वेळ मी डोळे मिटून तुला मनातल्या मनात शिव्या घालते. कधी वेळ पुरत नाही. त्या बारीक मुलीनं विचारलं, "आजी, ओठ का हलतायत? काही म्हणताय का?" मी म्हटलं, हो, रोजचंच आहे. माझं रक्त तीस वर्षं दात धरून बसलं, म्हणून कुठल्या तरी अनोळखी बाईचं दुसरं बाळ घरी जाईल. ती बाई कोण ते मला कधी कळणार नाही. कळायची गरजही नाही.

नातीचा रक्तगट बघायला नर्सनं रक्त नेलं, तेव्हा मी तिच्या मागोमाग लॅबमध्ये शिरले. बाहेर थांबा म्हणाले, थांबले नाही. हल्ली यंत्र तपासतं, असं तिथल्या मुलानं मला समजावलं. मी म्हटलं, यंत्राला तपासू दे, तू एकदा टाईलवर करून दाखव. माझ्या तोंडाकडे बघून त्यानं केलं. मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्याला म्हटलं, दोन मिनिटं इथून हलायचं नाही. कुणीतरी दारातून त्याला हाक मारली तर मीच ओरडले, थांबा तिकडे. थेंब रवाळ झाला, चांगला ठसठशीत, मिनिटाच्या आत. पॉझिटिव्ह. मी होते तिथेच खाली बसले. त्या मुलानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. त्याला वाटलं, आजीला आनंद झाला.

मला तो कोट आठवला होता.

तू लिहिलंस की माझ्या हातून चुकून तांबडं कापड गेलं असेल. तीस वर्षं तूही गप्प राहिलीस आणि मीही, पण तू निदान जूनमध्ये बोललीस. शिवणकाम करणाऱ्या बाईला कुठलं कापड रंग सोडतं ते कळत नाही, असं तुला खरंच वाटतं का? ते अस्तराचं कापड होतं. नवं, न धुतलेलं. मी ते मुद्दाम टाकलं. सातव्या महिन्यात पाय सुजलेले असताना मी या घराचा स्वयंपाक करायचे आणि तू तो पांढरा कोट हातावर टाकून निघायचीस, सासूबाई तुला दारापर्यंत पोचवायला यायच्या. मला तू चिडायला हवी होतीस. एवढंच हवं होतं. चिडलीस, आणि थेंब वाळेपर्यंत माझ्याशी भांडत राहिलीस. मीही तुला सोडलं नाही. तू दोनदा आत जायला वळली होतीस. दोन्ही वेळा मीच काहीतरी बोलून तुला परत फिरवलं.

हे मी ठकीला सांगितलेलं नाही. तुझ्या भावाला नाही. आज पहिल्यांदा लिहितेय, तेही तुला, कारण दुसरं कुणी हे समजून मला पुरेसं बोलणार नाही. सगळे म्हणतील, जाऊ दे, तुला काय माहीत होतं.

मी तुला माफ केलेलं नाही. तुझी चार पत्रं आज फोडते. त्यांत माफीबिफी मागितली असेल तर तशीच परत पाठवीन. पाचवं लिही. कोटाबद्दल तुला मला काय म्हणायचं ते सगळं म्हण, आणि हात आखडू नकोस.

तुझी वहिनी